हायड्रेटमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडून मिथेन मिळवणे: बर्फ न वितळता आतला वायू बदलतो म्हणजे नेमके काय होते?

खडू_फळा

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात गेली १९ वर्षे रसायनशास्त्र शिकवते. मागच्या महिन्यात बारावीच्या वर्गात स्फटिकांची रचना शिकवताना, अवांतर म्हणून, समुद्रतळाखाली आणि ध्रुवीय प्रदेशात सापडणाऱ्या मिथेन हायड्रेटविषयी सांगितले: पाण्याच्या रेणूंचा पिंजरा, त्यात अडकलेला मिथेन, दिसायला बर्फ आणि काडी लावली की पेटणारा. पुढे असेही सांगितले की, या हायड्रेटमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडला तर तो पिंजऱ्यात शिरतो आणि मिथेन बाहेर पडतो, म्हणजे इंधन मिळते आणि नको असलेला वायू जमिनीखाली बंदिस्तही होतो.

एका विद्यार्थ्याने लगेच विचारले, "मॅडम, पिंजरा न मोडता आतला रेणू बाहेर येणार कसा? आणि पिंजरा मोडला, तर मग ते वितळणेच झाले ना?" मला त्याला ठाम उत्तर देता आले नाही. जे वाचले होते त्यात "अदलाबदल होते" एवढेच वाक्य होते आणि तेच मी वर्षानुवर्षे पुढे सांगत आले आहे, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आले.

या विषयात प्रत्यक्ष काम केलेले कोणी येथे असल्यास कृपया सांगावे की, ही अदलाबदल रेणूंच्या पातळीवर कशी होते, ती प्रयोगशाळेबाहेर कोठे करून पाहिली गेली आहे काय, आणि तेथे काय हाती लागले. वर्गात उत्तर द्यायचे आहे, तेव्हा सोपे केलेले उत्तर नको, खरे उत्तर हवे आहे.

स्फटिक

ताई, तुमच्या विद्यार्थ्याने अगदी वर्मावर बोट ठेवले आहे. मी पीएच.डी.च्या काळात पाच वर्षे याच विषयावर काम केले, आणि त्या पाच वर्षांतला बराच वेळ या एका प्रश्नापाशीच गेला.

आधी पिंजऱ्यांविषयी. निसर्गात बहुतांशी आढळणाऱ्या मिथेन हायड्रेटच्या एका एकक कोशिकेत, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घटकात, पाण्याचे ४६ रेणू असतात आणि त्यांचे आठ पिंजरे होतात: दोन लहान, सहा मोठे. लहान पिंजऱ्याला पंचकोनी अशा १२ बाजू असतात. मोठ्याला तितक्याच पंचकोनी बाजूंखेरीज दोन षट्कोनी बाजू असतात. मिथेनचा रेणू दोन्हींत सहज मावतो. कार्बन डायऑक्साइडचा रेणू लांबट असल्यामुळे त्याला मोठा पिंजरा मानवतो आणि लहान पिंजऱ्यात त्याची फार ओढाताण होते. त्यामुळे कागदावरचा हिशेबसुद्धा असा निघतो की, आठपैकी सहा मिथेन, म्हणजे ७५ टक्के, फार तर बदलता येतील. कोरियात ह्युएन ली यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत केवळ कार्बन डायऑक्साइड वापरून सुमारे ६४ टक्के मिथेन बाहेर आला, आणि त्यात नायट्रोजन मिसळल्यावर हेच प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवर गेले, कारण नायट्रोजनचा लहान रेणू लहान पिंजऱ्यांतल्या मिथेनला हुसकावून लावतो.

आता पिंजरा मोडतो की नाही? मोडतो. माझे मत स्पष्ट आहे की, "बर्फ न वितळता" हे शब्द पाठ्यपुस्तकात जसे येतात तसे घेऊ नयेत. पिंजऱ्याच्या षट्कोनी बाजूची फटसुद्धा मिथेनला सरळ निसटून जाता येईल एवढी रुंद नसते. घडते ते असे की, कणाच्या पृष्ठभागावरचे पिंजरे क्षणभर उघडतात, मिथेन निसटतो, आणि तेथेच, त्याच पाण्यातून, कार्बन डायऑक्साइडभोवती पिंजरा पुन्हा बांधला जातो. हे होण्याचे कारण दाब आणि तापमान यांच्या गणितात आहे. चार अंश सेल्सिअसला मिथेन हायड्रेट टिकायला सुमारे ३९ बार (एक बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा) दाब लागतो, तर कार्बन डायऑक्साइडचे हायड्रेट २० बारच्या आसपासच टिकते. थंडीत दुसरे हायड्रेट पहिल्यापेक्षा अधिक स्थिर असते. शिवाय मिथेन हायड्रेटचा एक मोल वायू सुटायला सुमारे ५४ किलोजूल उष्णता लागते आणि कार्बन डायऑक्साइड बंदिस्त होताना त्याहून थोडी अधिक उष्णता बाहेर पडते, त्यामुळे बाहेरून उष्णता पुरवावी लागत नाही.

एवढे ऐकले की काम सोपे वाटते. मलाही वाटले होते. आमच्याकडे पोलादाचे एक जाड भांडे होते, त्याला नीलमाची छोटी खिडकी, आणि ते बर्फाच्या पाण्याने गार ठेवलेले. हायड्रेट तयार होताना दाबमापकाचा काटा खाली सरकू लागे, तापमान किंचित वर उसळे आणि खिडकीच्या आतून काचेवर दव गोठावे तसा पांढरा थर चढे. त्यात कार्बन डायऑक्साइड सोडल्यावर पहिल्या काही तासांत बाहेर येणाऱ्या वायूतले मिथेनचे प्रमाण झपाट्याने वाढे, आणि मग आलेख आडवा पडे. दिवसामागून दिवस नमुने घ्यावेत आणि आकडा जागचा हलू नये. कणाच्या बाहेरील भागात कार्बन डायऑक्साइड हायड्रेटचे कवच तयार झालेले असते आणि आतल्या मिथेनला त्या घट्ट कवचातून वाट काढायची असते. घन पदार्थातून होणारे ते विसरण इतके मंद असते की, कणाचा गाभा जवळजवळ अस्पर्श राहतो. भांडे उघडून उरलेली पूड जाळीवर ठेवली की ती चरचरत फसफसू लागे. जो मिथेन आम्हाला काढता आला नव्हता, तो तेव्हा हवेत जात असे.

तेव्हा वर्गात असे सांगावे: पिंजरा मोडतो आणि पुन्हा बांधला जातो, पण हे थर थर करून घडते आणि प्रत्येक थर पुढच्या थराची वाट अडवतो.

विहीरकाम

मी तेल-वायू क्षेत्रात विहिरींच्या कामावर ३१ वर्षे घालवली. हायड्रेटच्या विहिरीवर मी स्वतः गेलेलो नाही, पण या पद्धतीच्या प्रत्यक्ष चाचणीचे निकाल मी बारकाईने वाचले आहेत आणि माझ्या नजरेतून ते सांगतो.

ती चाचणी अलास्काच्या उत्तर उतारावर, प्रूडो बेच्या परिसरात झाली. तिचे नाव "इग्निक सिकुमी", आणि तेथील इन्युपिआक भाषेत याचा अर्थ बर्फातील आग असा होतो. अमेरिकेचे ऊर्जा खाते, कोनोकोफिलिप्स ही तेल कंपनी आणि जपानची जॉगमेक ही सरकारी तेल-वायू संस्था यांनी मिळून ती केली. विहीर २०११ मध्ये खोदली आणि चाचणी २०१२च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घेतली. सुमारे ६८५ मीटर खोलीवर, पाच अंशांच्या आसपास तापमान असलेला, जवळपास नऊ मीटर जाडीचा वाळूचा थर निवडला होता. त्या वाळूच्या कणांमधील पोकळ्या बहुतांशी हायड्रेटने भरलेल्या होत्या, पण थोडे मोकळे पाणीही होते, आणि या मोकळ्या पाण्यानेच पहिला पेच उभा केला.

शुद्ध कार्बन डायऑक्साइड तेथे सोडला असता तर त्याने मिथेनच्या पिंजऱ्यांपर्यंत पोहोचण्याआधीच त्या मोकळ्या पाण्याशी मिळून नवे हायड्रेट केले असते आणि विहिरीच्या तोंडाशीच सगळ्या वाटा बुजवल्या असत्या. म्हणून मिश्रण असे घेतले की, त्यात सुमारे ७७ टक्के नायट्रोजन आणि २३ टक्के कार्बन डायऑक्साइड होता. नायट्रोजनने वाट मोकळी ठेवली. स्फटिक यांनी सांगितलेले लहान पिंजऱ्यांचे काम हा त्याचा वाढीव फायदा. विहिरीवरच्या माणसासाठी मुख्य फायदा हा की, वायू थरात शिरू शकला. १३ दिवसांत सुमारे २ लाख १० हजार घनफूट मिश्रण आत गेले.

त्यानंतर सुमारे ३० दिवस विहिरीतून वायू घेतला गेला. आधी दाब मिथेन हायड्रेट टिकेल एवढाच ठेवला आणि नंतर तो त्याखाली उतरवला. एकूण सुमारे ८ लाख ५५ हजार घनफूट मिथेन बाहेर आला. आत सोडलेल्या नायट्रोजनपैकी सुमारे ७० टक्के परत आला, पण कार्बन डायऑक्साइडपैकी केवळ सुमारे ४० टक्के. म्हणजे बाकीचा ६० टक्के खालीच राहिला. वायूबरोबर पाणी आणि वाळूही आली, आणि हायड्रेटच्या कोणत्याही विहिरीत ही गोष्ट हलक्यात घेऊन चालत नाही.

या आकड्यांवरून "अदलाबदल यशस्वी झाली" असे अनेक ठिकाणी लिहिले गेले. मी ते तसे लिहिणार नाही. वायूंचे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहा.

खडू_फळा

दोघांचेही मनापासून आभार. विहीरकाम सर, तुम्ही म्हणालात तसे आकडे मांडून पाहिले; माझे काही चुकत असेल तर सांगावे.

आत सोडलेल्या २ लाख १० हजार घनफुटांचे सुमारे ५,९५० घनमीटर होतात. त्यातला कार्बन डायऑक्साइड सुमारे १,३५० घनमीटर, आणि खाली राहिलेला ६० टक्के, म्हणजे सुमारे ८०० घनमीटर. बाहेर आलेला मिथेन मात्र सुमारे २४,२०० घनमीटर. सारख्याच दाब-तापमानाला सारख्या घनफळात रेणूंची संख्या सारखी, हे आम्ही अकरावीतच शिकवतो. मग खाली राहिलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूने मिथेनचा एक रेणू बाहेर काढला असे जरी धरले, तरी आलेल्या मिथेनपैकी केवळ तीन-साडेतीन टक्के त्याच्या वाट्याला येतो. खाली राहिलेला ३० टक्के नायट्रोजनही त्यात मिळवला, तरी आकडा दहा टक्क्यांच्या आतच राहतो. मग उरलेला ९० टक्के मिथेन कोठून आला? दाब कमी केल्यामुळे हायड्रेट विरघळून आला, असेच ना?

आणि दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. मिथेनचा एक रेणू जाळला की कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू तयार होतो. अदलाबदल शंभर टक्के झाली असती तरी एक आत आणि एक बाहेर, म्हणजे जमाखर्च फक्त बरोबरीला येतो. मी मात्र मुलांना सांगितले होते की, हवेतला कार्बन यामुळे कमी होईल.

जाता जाता एक स्थानिक प्रश्नही विचारते: आमच्या कोकणच्या समुद्रात हे हायड्रेट आहे काय?

विहीरकाम

ताई, गणित बरोबर आहे, आणि मी ज्या निष्कर्षाकडे बोट दाखवत होतो तोच तुम्ही काढलात. मिथेन मुख्यतः दाब उतरवल्यामुळे आला. खाली राहिलेला कार्बन डायऑक्साइड वजनाने जेमतेम दीड टन भरतो, आणि वर आलेला मिथेन जाळला तर त्यातून सुमारे ४५ टन कार्बन डायऑक्साइड होईल. अर्थात ती चाचणी कार्बन पुरण्यासाठी केलेलीच नव्हती. वायू थरात शिरतो काय, वाटा बुजतात काय, आणि कार्बन डायऑक्साइड खाली टिकून राहतो काय, एवढेच तिला पाहायचे होते, आणि त्या मर्यादेत तिने मोलाची माहिती दिली. तिच्यावर तिने न केलेला दावा लादला जातो, ही माझी तक्रार आहे.

जपानने २०१३ च्या मार्चमध्ये नानकाई खोलगटात केवळ दाब उतरवून समुद्राखालच्या हायड्रेटमधून सहा दिवसांत सुमारे १ लाख २० हजार घनमीटर वायू मिळवला. वाळू विहिरीत येऊ लागल्यामुळे चाचणी थांबवावी लागली, तरी वायूचे प्रमाण अलास्कापेक्षा कितीतरी मोठे होते. वायू काढणे हाच एकमेव हेतू असेल तर आज कोणताही अभियंता दाब उतरवण्याचीच पद्धत निवडील, आणि मीही तीच निवडीन.

स्फटिक

विहीरकाम यांच्या आकड्यांशी मी सहमत आहे, पण त्यांच्या निष्कर्षात एक बाजू राहून जाते, आणि ती त्यांनीच उल्लेखलेल्या वाळूत आहे. हायड्रेट वाळूच्या कणांना सिमेंटसारखे धरून ठेवते. दाब उतरवून ते विरघळवले की कण सुटे होतात, वाळू पाण्याबरोबर विहिरीकडे धावते आणि तळाखालचा थर खचण्याची भीती उभी राहते. मिथेनच्या जागी कार्बन डायऑक्साइडचे हायड्रेट बांधले गेले तर तो सांधा कायम राहतो. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल येथे आहे: वायू काढत असताना, किंवा काढून झाल्यावर, जमिनीला तिचा आधार परत देणे. त्यामुळे दाब उतरवणे आणि कार्बन डायऑक्साइड सोडणे यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानू नये. एकामागून एक वापरता येतील अशी ती दोन कामे आहेत.

कार्बनच्या जमाखर्चाविषयी ताईंचे म्हणणे मान्य. उलट कारखान्याच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा करणे, दाबणे आणि वाहून नेणे यांत ऊर्जा खर्च होते, ती धरली तर बरोबरीसुद्धा साधत नाही. मुलांना असे सांगता येईल की, हायड्रेटचा वायू वापरायचाच ठरला तर त्याचे नुकसान ही पद्धत काही अंशी भरून काढू शकेल.

सागरगाळ

कोकणच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. माझे काम सागरतळावरच्या गाळाशी संबंधित आहे आणि मुक्काम गोव्यात.

भारताच्या राष्ट्रीय वायू हायड्रेट कार्यक्रमाची पहिली मोहीम २००६ साली "जॉइडीस रेझोल्यूशन" या जहाजावरून झाली. २१ ठिकाणी छिद्रे घेतली गेली, त्यांतले पहिले ठिकाण केरळ-कोकण खोऱ्यात होते. तेथे चुनखडीयुक्त गाळ मिळाला, हायड्रेट मिळाले नाही. हायड्रेटला थंडी आणि दाब यांबरोबर भरपूर मिथेनही लागतो, आणि तो गाळातल्या सेंद्रिय द्रव्यापासून तयार होतो. दाब-तापमानाच्या हिशेबाने जागा योग्य असूनही पिंजरे भरायला वायूच नसेल तर काय होते, याचे हे आपल्या दाराशी असलेले उदाहरण आहे.

पूर्व किनाऱ्यावर चित्र वेगळे आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात त्याच मोहिमेत १० क्रमांकाच्या ठिकाणी सुमारे १२८ मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त थर सापडला, पण तो चिकणमातीच्या भेगांमध्ये भरलेला होता. छिद्रातून वर आणलेल्या गाळाच्या दंडगोलाकार नमुन्याच्या चित्रांत करड्या चिखलातून पांढऱ्या शिरा गेलेल्या दिसतात. ही चित्रे पाहताना डोळ्यांचे पारणे फिटते, पण अशा चिकणमातीतून वायू हलत नाही, मग तो बाहेर काढायचा मिथेन असो की आत सोडायचा कार्बन डायऑक्साइड. अंदमानजवळ ज्वालामुखीच्या राखेच्या थरांतही हायड्रेट मिळाले. वाळूत भरलेले, म्हणजे वायू काढता येण्याजोगे, हायड्रेट कृष्णा-गोदावरी खोऱ्यात दुसऱ्या मोहिमेत सापडले. ती २०१५ साली जपानच्या "चिक्यू" जहाजावरून झाली. या विषयासाठी ओएनजीसीचे वायू हायड्रेट संशोधन केंद्र आपल्या पनवेललाच आहे, तेव्हा विद्यार्थ्यांना हे काम फार दूरचे वाटू देऊ नये.

आता वरच्या चर्चेत न आलेला एक मुद्दा. अलास्कात थराचे तापमान पाच अंश होते. कार्बन डायऑक्साइडचे हायड्रेट मिथेनच्या हायड्रेटपेक्षा अधिक स्थिर असते हे खरे, पण ते थंडीतच. दहा अंशांच्या सुमारास, ४५ बारच्या आसपास, कार्बन डायऑक्साइड द्रवरूप होतो आणि त्यापुढे त्याच्या हायड्रेटला लागणारा दाब एकदम चढत जातो. थोडे पुढे गेले की दाब-तापमानाच्या आलेखावरील दोन्ही हायड्रेटच्या रेषा एकमेकींना छेदतात आणि मिथेनचे हायड्रेट वरचढ ठरते. आपल्याकडे समुद्रतळाशी पाणी थंड असले तरी गाळात दर १०० मीटरला तीन-चार अंश तापमान वाढते, त्यामुळे तळाखाली २५०-३०० मीटरवर असलेल्या वाळूच्या थरात ते सहसा दहा अंशांच्या पुढे गेलेले असते. अशा जागी कार्बन डायऑक्साइडने मिथेनची जागा घ्यावी, ही अपेक्षा अलास्काच्या निकालांवरून करता येणार नाही.

खडू_फळा

म्हणजे जी पद्धत अलास्कात थंडीमुळे शक्य झाली ती आपल्या खोल थरांत तशीच्या तशी चालणार नाही. ही गोष्ट मी कोठेही वाचली नव्हती. स्फटिक सर, तापमान वाढल्यावर हा व्यवहार पूर्ण थांबतो काय?

स्फटिक

पूर्ण थांबत नाही. सागरगाळ यांनी सांगितलेल्या रेषा शुद्ध वायूंच्या आहेत. खाली प्रत्यक्षात मिश्र हायड्रेट तयार होते, म्हणजे काही पिंजऱ्यांत मिथेन आणि काहींत कार्बन डायऑक्साइड, आणि त्याची स्थिरता दोहोंच्या मधली असते. त्यामुळे उबदार थरातही थोडी अदलाबदल होईल, पण ती अर्ध्यावर थांबेल आणि तिला पुढे ढकलणारा जोर कमी पडेल. अशा थरात न अडकलेला द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भोवतालच्या पाण्यापेक्षा हलका असला तर हळूहळू वर सरकेल, आणि तळाजवळच्या थंड गाळात पोहोचल्यावर तेथे त्याचे हायड्रेट होऊन वाट बुजेल. विहिरीच्या तोंडाशी जे बुजणे अलास्कात टाळावे लागले, तेच येथे वरून लागलेल्या बुचासारखे उपयोगी पडू शकते.

वर्गासाठी एक सुचवतो: दोन्ही हायड्रेटच्या दाब-तापमानाच्या रेषा एकाच आलेखकागदावर मुलांना काढायला लावा. चार अंशांना ३९ आणि २० बार, दहा अंशांना सुमारे ७२ आणि ४५ बार, आणि त्यापुढे कार्बन डायऑक्साइडची रेषा जवळजवळ उभी. ज्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, त्याला त्यावर अलास्काचा बिंदू मांडायला सांगा: पाच अंश, सुमारे ७० बार. तो दोन्ही रेषांच्या वर पडेल.